हिरवळीला दोन बोटं जास्त

...आणि वर मला म्हणतो, "आजोबा, अंदाजानं टाका की!" अंदाजानं? अहो, पन्नास वर्षं मी लोकांचे कपडे शिवले, पण तुम्हाला सांगतो, एकालाही अंदाजानं पँट शिवून दिली नाही. दिली असती तर लोक दोन्ही हातांनी पँट धरून माझ्या दुकानावर चालून आले असते... नाही, एकाच हातानं, कारण दुसऱ्यात दगड असता! आणि हा खताच्या दुकानातला माणूस पाच किलोची पिशवी माझ्यापुढे धप्पकन ठेवतो आणि म्हणतो, अंदाजानं टाका. मी म्हटलं, बरं, टाकतो. पण किती?

तर म्हणतो, "जरा जपून."

अहो, जपूनच टाकणार. पण किती?

"हिरवळीकडे बघून." आता हिरवळीकडे बघून काय कळणार? ती काय मान वर करून सांगणार आहे, बास झालं, आता पोट भरलं म्हणून?

थांबा, उठू नका. मी बोलता बोलता गप्प होतो, ती माझी सवय आहे. सुईत दोरा ओवताना माणूस गप्प होतो ना, तसं. गप्प झालो म्हणजे संपलं असं समजू नका. आमची ही नेहमी म्हणते, "तुमचं एक वाक्य पुरं होईपर्यंत माझी चार काजं होतात." ही म्हणजे माझी बायको. दुकानात कापायचं आणि शिवायचं मी, काजं-बटणं तिची. मी चौथीपर्यंत शिकलो, ती सहावी. त्यामुळे दोन इयत्तांचा जो फरक आहे, तो तिनं मला कधी विसरू दिलेला नाही.

तर ही पडली. स्वयंपाकघरात, फरशीवर. काय सांडलं होतं म्हणाल, तर घोटभर पाणी. घोटभर! तेवढ्यानं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळई बसली, आणि मुलगी म्हणाली, "आईला मी नेते, माझ्याकडे तळमजला आहे, पायऱ्या नाहीत." बरोबरच होतं तिचं. मी म्हटलं, मीही येतो. तर ही खाटेवरून म्हणते, "तुम्ही आलात तर माझ्या हिरवळीला पाणी कोण घालणार?"

ती हिरवळ तिची आहे हो. दुकान बंद केल्यावर घरापुढच्या जागेत तिनं एकेक रोप बोटानं दाबून लावलं. आणि आकार कसा, तर सरळ नाहीच! पायऱ्यांपाशी आत गोल वळण, झाडापाशी बाजूनं दुसरं वळण... वरून बघितलं तर बिनबाह्यांच्या बंडीचा पुढचा भाग बेतून ठेवलाय असं वाटतं. पायऱ्यांपाशी गळा, झाडापाशी मुंढा, म्हणजे काखेचा गोल. जन्मभर काजं केली, पण शेवटी बंडी हिनंच बेतली, आणि ती पण गवताची!

तर तिला गाडीत बसवतायत. दोघांनी धरलंय, चेहरा पांढराफटक, ओठ दाबलेले. मला वाटलं आता काहीतरी जीवाला लागेल असं बोलणार. काच खाली केली आणि म्हणाली, "अहो, हिरवळीला रोज थोडं पाणी घाला हं."

मी म्हटलं, "अगं, पण किती?"

गाडी गेली.

तिथून हे सगळं सुरू झालं, तुम्हाला सांगतो. मी घातलं पाणी. एक दिवस वाटायचं कमी झालं, मग दुसऱ्या दिवशी दुप्पट. मग वाटायचं कुजेल, मग दोन दिवस काहीच नाही. महिन्याभरात हिरवळ पिवळी पडली. पिवळी म्हणजे कशी, माझ्या जुन्या मापाच्या टेपसारखी, आणि मध्ये मध्ये टक्कल.

आणि नेमका त्याच आठवड्यात मुलीचा फोन. तिकडे व्यायाम शिकवणाऱ्या बाई येतात, त्यांनी सांगितलं होतं की आता चालायला पाहिजे, नाहीतर पाय आखडेल. आणि ही पाऊलच टाकेना! फरशी दिसली की हातपाय गार. वॉकर धरून उभी राहते आणि रडते. जन्मात कुणासमोर न रडलेली बाई! व्यायामाच्या बाई म्हणाल्या, मऊ जमिनीवर चालून बघा. तर ही म्हणते, "मी माझ्या हिरवळीवर चालेन. तिथं पडले तरी गवतावर पडेन. फरशीवर मी पाय ठेवणार नाही."

मुलगी म्हणाली, "बाबा, हिरवळीचा फोटो पाठवा बघू."

मी पाठवला. खोटं कशाला बोलू?

अर्ध्या मिनिटात फोन. "बाबा! ही हिरवळ आहे की पायपुसणं? दगडासारखी जमीन झालीय ती! यावर आई चालणार? हे बघा, महिन्याभरात हिरवी झाली तर मी तिला आणते. नाहीतर आई कायमची इथंच राहील आणि तुम्हीही घराला कुलूप लावून इकडे या."

कुलूप! अहो, या घराच्या पुढच्या खोलीत अजून माझं मशीन आहे. तिची काजांची खुर्ची आहे, बसून बसून पुढच्या बाजूनं घासलेली. तिथं सकाळी ऊन येतं. आणि फोन ठेवायच्या आधी मागून तिचा आवाज आला, अगदी बारीक... "गेली का हो हिरवळ?" मी म्हटलं, "छे छे, झोपलीय जरा." आणि तडक खताच्या दुकानात गेलो.

आता या दुकानातल्याचा मी राग करत नाही. चांगला माणूस आहे. शेवटी माझ्याकडे बघून त्याला दया आली असेल, म्हणाला, "बरं आजोबा, हिरवळ केवढी आहे ते सांगा, मग मी सांगतो किती." मला एवढा आनंद झाला! म्हटलं, मापाचं विचारतोय, म्हणजे आपल्या गावचा. घरी आलो, टेप काढली, आणि माप घेतलं. सुपारीएवढा दगड चुकवला नाही. गळ्याच्या वळणावर टेप उभी धरून घेतली, मुंढ्याला तशीच. दुसऱ्या दिवशी ताठ मानेनं दुकानात गेलो आणि सांगितलं, "एकतीस मीटर. आणि वर दोन बोटं."

तो म्हणाला, "एकतीस काय?"

"घेर."

"घेर?" त्यानं माझ्याकडे असं बघितलं... "आजोबा, तुम्ही हिरवळीच्या कमरेचं माप घेतलंत? पँट शिवताय का तिला?"

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. चारही हसली. मीपण हसलो, नाही असं नाही, पण आत कुठंतरी खट्कन तुटल्यासारखं झालं. कारण माझं बरोबर होतं ना! माणसाला कापड किती लागतं, तर घेर घ्यायचा, उंची घ्यायची, आणि पन्ना, म्हणजे कापडाची रुंदी, ती कापडवाल्याला माहीत असते. आता हिरवळीचा पन्ना कुणाला माहीत? मला चौथीपर्यंत कुणी शिकवलंच नाही, की एकतीस मीटर घेर असलेलं अंगण लांबुडकं पण असू शकतं आणि गरगरीत पण!

पिशवी घेऊन घरी आलो. पिशवीवर मोठ्या अक्षरात आकडे छापलेले. वीस, मग आडवी रेघ, पाच, रेघ, दहा. मी आपला बघतोय. वीस-पाच-दहा. मला वाटलं, छाती, कंबर आणि बाही असावी. पण एवढी बारीक कंबर कुणाची? बाहुलीची? आणि हे असलं खत टाकायचं तरी... पण किती?

तेव्हा आमच्या गल्लीतल्या मास्तरांकडे गेलो. आमच्या गल्लीत दोन मास्तर आहेत. एक टेलरमास्तर, म्हणजे मी, आणि दुसरे गणिताचे, निवृत्त झालेले, तीन घरं सोडून राहतात. चाळीस वर्षं मी त्यांच्या पँटी शिवल्या, पण त्यांनी मला एक गणित शिकवलं नव्हतं. मी पिशवी खाकेत मारून त्यांच्या दारात उभा राहिलो आणि सगळं सांगितलं.

मास्तरांची एक वाईट खोड आहे. ते उत्तर देत नाहीत. प्रश्न विचारतात! मी विचारतोय खत किती टाकू, आणि ते चष्मा नाकावर ओढून मलाच विचारतात, "हे वीस कशाचे?"

मी म्हटलं, "मला माहीत असतं तर मी इथं आलो असतो का?"

"नत्र. शंभर ग्रॅम खतात वीस ग्रॅम नत्र. पाच स्फुरद, दहा पालाश. गवताला हिरवं काय करतं?"

"खत."

"नत्र! एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोनाला एका वेळी पाच ग्रॅम नत्र पुरे. शंभरात वीस मिळतं. तुला पाच हवं. तर खत किती?"

 आता पाटीपेन्सिल घेऊन मला काही जमत नाही. पण मी डोळे मिटले आणि कापड आणलं डोळ्यांसमोर. शंभर सेंटिमीटर कापडातून वीस सेंटिमीटर कामाचं निघतंय, बाकी सगळी कातरण. मला हवंय पाच. तर मग... "पंचवीस," मी म्हटलं. "पाव मीटर घ्यायचं."

मास्तर खुर्चीतून उठले. खरंच उठले हो! "अरे, तुझ्या मापाच्या वहीत सगळं गणित आहे आणि तू म्हणतोस चौथी नापास!"

"चौथी पास," मी म्हटलं. कारण ते महत्त्वाचं आहे. "पाचवीत गेलो नाही, एवढंच."

"बरं, पास. मग एका चौकोनाला पंचवीस ग्रॅम. आता तुझ्या हिरवळीत असे चौकोन किती?"

झालं! फिरून तिथंच! पण किती?

मास्तर म्हणाले, "लांबी गुणिले रुंदी." मी म्हटलं, "मास्तर, कुठली रुंदी? गळ्यापाशी वेगळी, मुंढ्यापाशी वेगळी, खाली घेरात वेगळी." ते अंगणात आले, हिरवळीकडे बघितलं, डोकं खाजवलं, आणि तुम्हाला सांगतो, पहिल्यांदा गणिताचे मास्तर टेलरमास्तराला म्हणाले, "हे कठीण आहे रे."

आणि तिथं मला सुचलं. अहो, वेड्यावाकड्या आकाराची मापं मी जन्मभर कशी काढली? कागद कापून! जुने पेपर काढले, खळीनं चिकटवले, आणि बरोबर एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन कापला. मास्तरांनी पट्टीनं तपासला, एक दोरा पण फरक नाही. तो चौकोन हिरवळीवर ठेवायचा, चारी कोपऱ्यांना खडू मारायचा, उचलायचा, शेजारी ठेवायचा. वारा आला की कागद फडफडायचा, मग मास्तर त्याच्यावर पालथे पडायचे. सत्तरीचा माणूस, गवतावर पालथा, आणि ओरडतोय, "खडू मार लवकर!" शेजारच्या बाई कुंपणावरून बघत होत्या. त्यांनी विचारलं, "काय हो, काय चाललंय?" मी म्हटलं, "ट्रायल!"

लांबी भरली नऊ चौकोन. आख्खे चौकोन निघाले चौतीस. आणि गळ्याचे, मुंढ्याचे तुकडे मी कागदावर कापून एकाला एक जोडले, इकडचा अर्धा, तिकडचा अर्धा, जशी कातरणातून मी बाळाची टोपी काढायचो... ते भरले चार. एकूण अडतीस. अडतीस चौकोन हिरवळ! मास्तरांनी गुणाकार केला, पण त्याआधी मी बोटांवर केला होता. अडतीस गुणिले पंचवीस. नऊशे पन्नास ग्रॅम.

एवढ्या दिवसांनी कुणीतरी मला सांगितलं हो, किती!

आता एक सांगायचं म्हणजे कबुली द्यायची. आमच्या धंद्यात एक शिस्त आहे. कापड बेतताना आत दोन बोटं जास्तीची ठेवायची. शिवणीच्या आत दडलेली असतात, बाहेरून दिसत नाहीत. पोरगं वाढलं, माणूस सुटला, की उसवून मोकळं करता येतं. कमी कापलेलं कापड कुणाच्या बापाला वाढवता येत नाही. म्हणून दोन बोटं जास्त. पन्नास वर्षं माझ्या दुकानातनं त्याशिवाय कपडा बाहेर पडला नाही. ही काजं करायला घ्यायच्या आधी आतून चाचपून बघायची आणि म्हणायची, "आहेत दोन बोटं."

तर मी मास्तरांना म्हटलं, "किलोच टाकू का? पन्नास ग्रॅमनं काय होतंय?"

"नऊशे पन्नास!" मास्तर गरजले. "कापडात जास्तीचं ठेवशील तर उसवता येतं. खत एकदा पडलं की जमिनीतनं उसवणार आहेस का? जळेल सगळं!"

पटलं मला. केक करताना ही ज्यावर मोजायची तो छोटा वजनकाटा काढला, नऊशे पन्नास मोजलं, त्याचे दोन सारखे भाग केले. अर्धं उभ्या रेघांत, अर्धं आडव्या रेघांत, म्हणजे कुठं दाट कुठं विरळ होत नाही. हे मास्तर मला समजावून सांगायला लागले, मी म्हटलं, "उभा धागा, आडवा धागा. पुढं बोला." एका डब्याला खाली भोकं पाडली, दोऱ्यानं रेघा आखल्या आणि चाललो. सावकाश. मी तसाही सावकाशच चालतो. मग पाणी. मी विचारलं, "पण किती?" मास्तर म्हणाले, "बोट घालून बघ. बोटभर खोल ओल गेली की बास." बघा! माप सांगितलं की नाही? अंदाजानं म्हणाले का?

मास्तर घरी गेले. पिशवी बांधायला घेतली, तर आत अजून चार किलोच्या वर खत. आणि माझा हात... मला नाही माहीत कसा, माझा हात आत गेला आणि एक मूठ घेऊन बाहेर आला. मी पायऱ्यांपाशी उभा होतो. गळ्याच्या वळणाला. म्हटलं, ही आली की पहिलं पाऊल इथं पडणार. इथं तरी गादीसारखं गवत पाहिजे ना? इथं कमी पडून कसं चालेल? आणि सोडली ती मूठ तिथं. दोन बोटं जास्तीची.

आता पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

दहा दिवसांत हिरवळीला रंग चढला. पंधरा दिवसांत असा हिरवागार पोपटी झाला की शेजारच्या बाई कुंपणावरनं हात घालून गवत चाचपायच्या. टक्कल भरलं. जमीन मऊ. सगळीकडे, अडतीसच्या अडतीस चौकोनांत... आणि पायऱ्यांपाशी, अगदी पहिल्या पावलाच्या जागी, ताटाएवढा वाळका, करपलेला गोल. इस्त्री विसरून बसली की सदऱ्यावर उमटतो ना, अगदी तस्सा! मी रोज त्याच्यावर पाणी ओतत होतो. मास्तर आले, बघितलं. नुसते माझ्या हाताकडे बघत राहिले. गणिताची माणसं फार वाईट असतात.

फोटो काढताना मी त्या गोलावर स्वतः उभा राहिलो. मुलगी म्हणाली, "वा बाबा! पण तुम्ही असे अवघडून का उभे आहात?"

आली ही गेल्या रविवारी. पायऱ्यांपाशीच गाडीतून उतरली, वॉकर धरला, हिरवळ बघितली... आणि तोंडावर जे आलं ना तिच्या, ते मी सांगत नाही, ते माझं आहे. मग मान खाली घातली. मी पुढं होऊन उभा राहिलो, तर म्हणाली, "सरका." सरकलो. तिनं तो गोल बघितला. मला वाटलं, झालं, आता घाबरणार, म्हणणार गवत कुठं आहे, परत घेऊन चला. मुलगी माझ्याकडे बघतेय. मी गवताकडे बघतोय.

ही म्हणाली, "दोन बोटं जास्त सोडलीत ना?"

मी म्हटलं, "हो."

"वाटलंच." आणि हसली हो! तीन महिन्यांनी हसली. "बरं झालं. पाय कुठं ठेवायचा ते आखून तरी ठेवलंत." चप्पल काढली, त्या करपलेल्या गोलात उजवा पाय ठेवला, वॉकर पुढं सरकवला आणि डावा पाय टाकला तो हिरव्या गवतावर. वॉकर जरा कलला. मी हात पुढं केला, तर म्हणाली, "लांब राहा, तुमची सावली पडते."

मुलगी जाताना बजावून गेली, "मी रोज संध्याकाळी फोन करणार. किती चाललीस ते सांगायचं. बसून राहिलीस तर पुढच्या रविवारी परत नेणार."

संध्याकाळी फोन आला. "आई, किती?" हिनं माझ्याकडे बघितलं. मी मोजले होते, माझे खडूचे चौकोन माझ्या डोळ्यांत आहेत. मी तीन बोटं वर केली. तीन. ही फोनवर म्हणाली, "पाच."

मी तीनच दाखवली होती, तुम्हाला सांगतो! फोन ठेवल्यावर म्हटलं, "अगं, तीन झाले होते." तर म्हणाली, "दोन बोटं जास्तीची. उद्या लागतील." आणि दुसऱ्या दिवशी पाच चालली! बोलून बसली होती ना. त्या संध्याकाळी फोनवर सांगितलं, सात. मग सात चालावे लागले. असं करत काल ती नऊच्या नऊ चौकोन चालली, पार टोकाला पोचली, आणि फोनवर सांगून मोकळी झाली, अकरा.

अहो, हिरवळच नऊची आहे! मी म्हटलं, "आता अकरा कुठून आणायचे? तिथून परत फीर." तर म्हणते, "वळताना मला अजून भीती वाटते. तुम्ही असं करा, त्या टोकाला हिरवळ वाढवा थोडी."

मी आपली टेप गळ्यात घातली. खडू घेतला. म्हटलं, "अगं, पण किती?"

तर ही काजांच्या खुर्चीत टेकून, डोळे मिटून म्हणते... "अंदाजानं."